सत्तूर नको, आधी सांधा शोधा : अख्खी कोंबडी घरी कापताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच अख्खी कोंबडी घरी आणलीत, साफ केलेली, दीड किलोच्या आसपासची. घरातली सगळ्यात मोठी सुरी घेऊन तिचे तुकडे करायला बसलात. मांडीचं हाड फुटलं, त्याच्या कपच्या मांसात गेल्या, छातीचं निम्मं मांस हाडालाच चिकटून राहिलं आणि या सगळ्यात तासभर गेला. आता सत्तूर विकत घ्यावा का, आणि कोंबडी कापण्याआधी धुवायची की नंतर, हे तुम्हाला हवंय.

धुण्याचं पुढे सांगते. सत्तुराचं आत्ताच सांगून टाकते: घेऊ नका, निदान या कामासाठी तरी नको. तुम्ही जे लिहिलंय त्यात जोर कमी पडल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. जोर जरा जास्तच झालाय. हाड फुटलं, म्हणजे सुरी हाडावर पडली. आणि कोंबडीचे आठ तुकडे करताना सुरी हाडावर पडायचं जवळपास काही कारणच नसतं. दोन मांड्या, दोन तंगड्या, दोन पंख आणि छातीचे दोन भाग, यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा सांध्यातून सुटतो. सांध्यात दोन हाडांच्या मधे फट असते आणि त्या फटीत असतं काय, तर थोडी कूर्चा (मऊ, लवचिक हाड), दोन-तीन पांढऱ्या शिरा आणि वरून कातडी. हे सगळं भाजी चिरायच्या सुरीनंही कापलं जातं. खरंखुरं हाड कापावं लागतं ते फक्त बरगड्यांपाशी, आणि त्या कात्रीनं कटकन तुटतील इतक्या पातळ असतात.

तुमची खरी अडचण ती फट न सापडण्याची आहे. वरून सगळं कातडीखाली झाकलेलं असल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र कळते. माझ्या किचनमध्ये नवीन येणाऱ्या मुलांना मी आधी सुरी देतच नाही. एक कोंबडी समोर ठेवते आणि पाय, पंख, मान सगळं हलवून बघायला सांगते. कुठे काय वाकतं, कुठे अडतं, हाताला गोल काय लागतं, टोकदार काय लागतं. पाच मिनिटं असं केलेला मुलगा पहिल्याच कोंबडीला बऱ्यापैकी नीट कापतो. न केलेला तुमच्यासारखाच कपच्या वेचत बसतो.

काही गोष्टी मात्र कोंबडीवर आणि तुमच्या बेतावर अवलंबून आहेत. त्या आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून एखाद्या जून कोंबडीशी झटापट कराल आणि मला नावं ठेवाल.

वय सगळ्यात महत्त्वाचं. ब्रॉयलर साधारण ५ ते ७ आठवड्यांची असताना कापतात. तिची हाडं अजून पुरती कडक झालेली नसतात, सांधे सैल असतात, कूर्चा मऊ असते. अंडी द्यायला पाळलेली कोंबडी वर्ष-दीड वर्षाची होऊन कापायला येते. तिच्या शिरा चिवट आणि सांधे घट्ट. ओळखायचं कसं? छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं, त्याचं शेपटीकडचं टोक अंगठ्यानं दाबून बघा. सहज वाकलं तर कोवळी, दगडासारखं लागलं तर जून. जून कोंबडीलाही कापण्याच्या जागा त्याच, फक्त वाकवायला ताकद आणि कापायला धार दोन्ही जास्त लागतात.

गोठवलेली असेल तर पूर्ण सुटू द्या. आत बर्फ असला की खुब्याचा सांधा वाकतच नाही, मग माणूस हमखास सुरीवर जोर देतो. दोन किलोपर्यंतची कोंबडी फ्रिजमध्ये सुटायला साधारण २४ तास लागतात. खोलगट ताटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासानं पाणी बदला. अर्ध्या किलोला अर्धा तास असा ढोबळ हिशोब. अशी पाण्यात सोडवलेली कोंबडी लगेच शिजवायची, परत ठेवायची नाही. ओट्यावर रात्रभर ठेवून मोकळं होणं तर विसराच.

याच्या उलट, कोंबडी नुकतीच मारलेली असेल तर तीही थोडी थांबवावी लागते. मेल्यानंतर काही तास स्नायू ताठरतात आणि मग पुन्हा सैल पडतात. ते सैल पडायच्या आत छातीचं मांस हाडावरून सोडवलं तर ते आखडतं आणि शिजल्यावर चिवट लागतं. म्हणून मोठ्या कारखान्यांतही छाती सोडवण्याआधी कोंबडी थंडीत ४ ते ६ तास ठेवतात. घरी सरळ एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा, सांधेही मऊ पडतात.

आणि शेवटी तुम्ही तिचं करणार काय. अख्खी मांडी भाजायची असेल, छाती बिनहाडाची हवी असेल किंवा हाडासकट बारीक तुकडे शिजवायचे असतील, तर शेवटचा टप्पा वेगवेगळा. सुरुवात तीच.

हत्यारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पात्याची लांबी १२ ते १५ सेंटिमीटर, पातं अरुंद, टोक अणकुचीदार, अशी सुरी उत्तम, पण नसली तरी अडत नाही. धार मात्र हवीच. हातात धरलेला कागद सुरीनं न फाटता सरळ कापला गेला तर धार पुरेशी. बोथट सुरी कातडीवरून घसरते आणि घसरली की तुमच्या दुसऱ्या हाताकडेच येते. सोबत एक दणकट कात्री असू द्या, शक्यतो दोन भाग सुटे होणारी, म्हणजे बिजागरीपाशी अडकलेली घाण काढता येते. बोर्डाखाली ओलं फडकं पसरा, तो जागचा हलता कामा नये. सत्तुराचे पैसे आहे त्या सुरीला नीट धार लावून घेण्यात घाला.

आता धुणं. आधीही नको आणि नंतरही नको. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. नळाखाली धरल्यानं ते जात नाहीत, पाण्याच्या बारीक थेंबांबरोबर सिंकमध्ये, नळावर, शेजारी निथळत ठेवलेल्या भांड्यांवर उडतात. त्यांना मारायचं काम उष्णतेचं: मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचलं की झालं. त्यामुळे धुण्याऐवजी पुसा. कोंबडी बाहेरून आणि पोटातून टिश्यू पेपरनं कोरडी करा, पिसाचं एखादं खुंट राहिलं असेल तर चिमट्यानं उपटा, रक्ताची गुठळी असेल तर पुसून घ्या. कोरडी कोंबडी हातातून निसटत नाही, हा यातला खरा फायदा. तरीही न धुता तुमचं मन मानणार नसेल (अनेकांचं मानत नाही, मी वाद घालणं सोडलंय), तर निदान वाहता नळ टाळा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात अलगद बुडवून काढा आणि नंतर सिंक साबणानं घासून टाका.

पोटात हात घालून बघायला विसरू नका. कधीकधी मान, कलेजी, हृदय आणि गिझर्ड, म्हणजे दाणे दळणारं जाड पोट, हे सगळं एका पुडीत आत ठेवलेलं असतं.

चला कापायला. मी पाय, पंख, पाठ, छाती या क्रमानं जाते. पाय आधी, कारण ते सगळ्यात सुटे असतात आणि ते गेले की बाकीचा सांगाडा बोर्डावर स्थिर बसतो.

कोंबडी उताणी ठेवा, पाय तुमच्याकडे. एक पाय धरून अंगापासून बाहेर ओढा. मांडी आणि छाती यांच्या मधे कातडी ताणली जाईल, जवळजवळ पारदर्शक दिसेल. फक्त ती कातडी कापा. मांसाला हात लावू नका. आणि कापताना सुरी मांडीच्या बाजूला ठेवा, छातीच्या नाही, कारण छातीचं मांस कोरडं पडणारं असतं, तिच्यावर कातडी जितकी राहील तितकी बरी. चीर पडली की पाय आपोआप आणखी उघडतो. आता सुरी खाली ठेवा. हो, खाली ठेवा. पायाची मांडी एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताची बोटं खालून, पाठीच्या बाजूनं, खुब्याखाली लावा आणि मांडी मागे मोडत बोटांनी वर ढकला. ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि मांडीच्या हाडाचा गोल, पांढरा, चकचकीत गोळा वाटीतून बाहेर पडतो. तो दिसला की निम्मी लढाई जिंकलात. गोळा आणि वाटी यांच्यात एक जाड पांढरी शीर अजून धरून असते. सुरीच्या टोकानं ती कापा. एवढ्यानं पाय जवळपास सुटतो. तुमचं हाड फुटलं ते इथेच, सांधा न उघडता वरून सुरी दाबल्यामुळे.

पण लगेच ओरबाडून काढू नका, इथे एक मजेची गोष्ट आहे. कोंबडी कुशीवर वळवा आणि पाठीकडे बघा. खुब्याच्या सांध्याच्या थोडं पुढे, मानेच्या दिशेनं, कण्याला लागून हाडात एक खोलगट वाटी असते आणि तिच्यात सुपारीएवढा मांसाचा मऊ लंबगोल गोळा बसलेला असतो. दोन्ही बाजूंना एकेक. अख्ख्या कोंबडीत याहून चविष्ट घास नाही असं माझं ठाम मत आहे, आणि घाईनं कापणाऱ्यांकडून तो नेहमी पाठीलाच राहतो. कण्याच्या बाजूनं सुरीचं टोक त्या वाटीत घाला, हाड खरवडत गोळा उचला, तो मांडीला चिकटलेलाच राहील. मग उघडलेल्या सांध्यातून सुरी शेपटीच्या दिशेनं, कण्याला खेटून, ओढा. पाय त्या गोळ्यासकट हातात येतो. दुसरा पाय तसाच.

मांडी आणि तंगडी वेगळी करायची असेल तर पाय कातडी खाली, मांस वर असा ठेवा. गुडघ्यापाशी चरबीची एक बारीक पांढुरकी-पिवळी रेघ आडवी गेलेली दिसेल. तीच खूण. सुरी त्या रेघेवर किंवा केसभर तंगडीच्या बाजूला टेकवा आणि दाबा. मधे हाड लागलं तर जोर देऊ नका, सुरी न उचलता दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवा. फट सापडली की सुरी लोण्यात गेल्यासारखी उतरते. रेघ नीट दिसत नसेल तर पाय हातानं उघड-मीट करून सांध्यावर बोट ठेवा, बोट उचलायचं आणि तिथेच सुरी टेकवायची.

पंखांना वेळ लागत नाही. पंख बाहेर ओढा, गोल फिरवा, खांद्याचा गोळा कुठे हलतो ते बोटानं चाचपा. बगलेतून कातडी कापा, पंख मागे मोडा, सांधा उघडा, कापा. सुरी छातीच्या मांसात खोल जाणार नाही एवढं बघा. पंखाचं शेवटचं निमुळतं टोक काढून हाडांच्या ढिगात टाका. त्यात मांस नसतं, पण सूपाला दाटपणा चांगला येतो.

आता समोर छाती आणि पाठ एकत्र असलेला सांगाडा उरला. छाती हाडासकट हवी असेल तर पाठ काढून टाकायची. सांगाडा कुशीवर ठेवा. बगलेपासून शेपटीकडे जाणारी चरबीची एक रेघ बरगड्यांवर दिसते, तिच्यावरून कात्री चालवा. बरगड्या एकेक तुटत जातील. दुसऱ्या बाजूनंही तसंच. मानेच्या टोकाला खांद्याची हाडं अडवतील. तिथे कात्रीशी भांडण्यापेक्षा छाती एका हातात, पाठ दुसऱ्या हातात धरून पुस्तक उघडतात तशी उलगडा. सांधे आपोआप निखळतात, मग राहिलेलं कापायचं.

छातीवर जरा थांबते, कारण तुमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालंय. निम्मं मांस हाडाला का राहिलं? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, मानेकडचं बेचकीच्या आकाराचं हाड तुम्ही काढलं नसणार. ते छातीच्या वरच्या कडेला मांसात रुतलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, आणि सुरी त्याच्यापाशी आली की अडून भलतीकडे वळते. त्याच्या आजूबाजूचा जाड, चांगला भाग मग तिथेच राहतो. म्हणून छातीला हात घालण्याआधी मानेकडची कातडी मागे सारा, बोट फिरवा, दोन तिरके दांडे हाताला लागतील. सुरीच्या टोकानं दोन्ही दांड्यांच्या दोन्ही बाजूंनी खरवडा, मागून बोट अडकवा आणि पुढे ओढा. हाड नाजूक असतं, तुटलं तर तुकडा शोधून काढा, मांसात राहू देऊ नका. सराव असेल तर या कामाला मिनिटही लागत नाही. पाय कापण्याच्याही आधी हे उरकून घेतलं तरी चालतं. मी बऱ्याचदा तसंच करते.

दुसरं कारण सुरीचा कोन. छातीच्या मधल्या उभ्या हाडाच्या एका बाजूला, अगदी त्याला चिकटून, मानेपासून शेपटीपर्यंत एक लांब चीर द्या. पुढे पात्याची चपटी बाजू मांसाकडे आणि धार किंचित हाडाकडे वळलेली हवी. बहुतेक लोक धार मांसाकडे वळवतात, कारण हाडावर घासणाऱ्या सुरीचा खरखर आवाज त्यांना चुकीचा वाटतो. तो आवाज हवाच. आवाज थांबला की समजा, सुरी मांसात शिरली आणि हाडावर काहीतरी राहतंय. करवतीसारखं पुढे-मागे नको. टोकानं लांब, हलके फटकारे द्या आणि दुसऱ्या हातानं मांस बाजूला उलगडत जा. काय कापलं जातंय ते दिसलं पाहिजे. आधी उभ्या हाडावरून खाली, मग बरगड्यांच्या बाकावरून बाहेरच्या बाजूला. तळाशी हाडाला लागून एक वेगळी, बोटासारखी लांबट पट्टी असते, तीही मोठ्या तुकड्याबरोबर सोडवून घ्या. त्या पट्टीत एक कडक पांढरी शीर असते. शिरेचं टोक टिश्यू पेपरनं धरायचं, सुरी त्याच्यावर आडवी टेकवायची आणि शीर ओढायची. मांस सुरीमागे राहतं, शीर हातात येते. बिनहाडाची छाती काढायची असेल तर पाठ वेगळी करायची गरजच नाही. सांगाडा अख्खा असला तर पक्का बसतो, काम सोपं जातं.

छाती हाडासकट दोन भागांत हवी असेल तर वेगळी युक्ती. पाठ काढलेली छाती कातडी खाली करून ठेवा. मानेच्या टोकाला मधोमध पांढरी कूर्चा दिसते, तिच्यात सुरीच्या टाचेनं एक खाच पाडा. मग छाती दोन्ही हातांनी धरून मागच्या बाजूला वाकवा. मधलं उभं हाड मांसातून उसळून वर येतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवून ते शेपटीकडच्या मऊ टोकासकट ओढून काढा. आता मधे काही कठीण राहिलंच नाही, सरळ दोन भाग करा. भाग फार मोठे वाटले तर प्रत्येकाचे आडवे दोन करा, म्हणजे एकूण दहा तुकडे होतात. कोंबडी मोठी असेल तेव्हा मी दहाच करते. पंखाच्या मानानं छातीचा तुकडा फार जाड राहिला तर तो शिजेपर्यंत पंख सुकून जातो.

बारीक तुकड्यांचं काय? हाडासकट लहान तुकडे हवे असतील तर हाड कापावं लागणार, हे खरं. इथे जड सुऱ्याला अर्थ आहे. पण आधी सांध्यातून आठ तुकडे करा आणि मगच मांडी-तंगडीचे दोन-दोन करा. हाड एका घावात तुटलं तर कड बऱ्यापैकी स्वच्छ येते. त्याच जागी दोन-तीन वेळा मारलं की कपच्या उडतात. पक्ष्याचं हाड पातळ कवचाचं असतं, चेचलं की उभं चिरफाळतं आणि टोकदार कपच्या मांसात शिरतात. एका घावाची खात्री नसेल तर मारूच नका. हाडाभोवती मांस सुरीनं कापून घ्या आणि हाड कात्रीच्या मुळाशी, बिजागरीजवळ धरून तोडा. तोडल्यावर प्रत्येक कडेवरून बोट फिरवा, टोचेल ते काढून टाका. घरात लहान मुलं जेवणार असतील तर मी बारीक तुकडे करतच नाही, मांडी अख्खीच शिजवते.

उरलेली पाठ, मान, पंखांची टोकं, बेचकीचं हाड हे टाकू नका. पाठीच्या आतल्या बाजूला शेपटीकडच्या खोबणींत गडद लाल मऊ गोळे असतात, ती मूत्रपिंडं. बरगड्यांच्या मधे गुलाबी स्पंजासारखी फुप्फुसं. दोन्ही बोटानं खरवडून काढा, नाहीतर सूप गढूळ होतं. शेपटीच्या मांसल शेंड्यावर पिवळसर तेलग्रंथी असते, शेंडाच कापून टाकला तरी चालेल. मग हाडं बुडतील इतकं थंड पाणी घालून मंद आचेवर २-३ तास, उकळी न फुटू देता, वर येणारा फेस काढत. मीठ शेवटी. एका कोंबडीच्या हाडांसाठी इतका खटाटोप नको वाटत असेल तर ती पिशवीत घालून गोठवा आणि दोन-तीन कोंबड्यांची साठली की एकदम करा.

सगळं झाल्यावर बोर्ड, सुरी, कात्री, सिंक आणि नळाची मूठ साबण आणि गरम पाण्यानं धुवा. नळाची मूठ लोक हमखास विसरतात. ज्या बोर्डावर कोंबडी कापली त्यावर लगेच सॅलड चिरू नका. बोर्ड लाकडी आहे की प्लॅस्टिकचा यानं फार फरक पडत नाही, खोल चिरा पडलेला असेल तर मात्र बदला. मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर तासभरच. फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली असेल तर कच्चे तुकडे एक-दोन दिवस टिकतात. पुढे ठेवायचे असतील तर त्याच दिवशी उणे १८ अंशांना गोठवा. गोठवताना मांड्या वेगळ्या, छाती वेगळी, एका जेवणाला लागतील तेवढेच तुकडे एका पिशवीत, आणि हवा दाबून काढलेली.

वेगळं ठेवायचं कारण नुसती सोय नाही. मांडीच्या स्नायूंत मायोग्लोबिन (मांसाला गडद रंग देणारं प्रथिन) आणि जोडऊती, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारे चिवट धागे, जास्त असतात. ती ऊती मऊ व्हायला ८० अंशांच्या वरचं तापमान आणि वेळ लागतो, तर छाती ७४ अंशांच्या फार पुढे गेली की भुसा होते. अख्खी कोंबडी कापून घेण्यातला मोठा फायदा हाच, की एकाच भांड्यात शिजवताना मांड्या आधी घालता येतात आणि छाती नंतर.

तासाचा वेळ लागला म्हणून निराश होऊ नका. हाताला सांध्यांची ओळख झाली की १० मिनिटांत काम आटोपतं. शक्य असेल तर पुढच्या वेळी दोन कोंबड्या एकदम कापा. पहिलीत सापडलेल्या जागा दुसरीत लगेच पडताळता येतात; महिन्याभरानं एक कापली तर बोटं सगळं विसरलेली असतात. एकीचा उजवा पाय कापताना काही चुकलं तर डाव्या पायाला लगेच सुधारा.

आणि एक, तुम्ही विचारलेलं नाही पण बहुधा विचाराल. मांड्या नीट शिजल्यावरही हाडाजवळ मांस लालसर किंवा काळपट दिसलं तर घाबरू नका. कोवळ्या कोंबडीचं हाड सच्छिद्र असतं, त्यातून मगजाचा रंग बाहेर झिरपतो. गोठवलेल्या कोंबडीत जास्तच. कच्चं राहिलंय का ते रंगावरून ठरवता येत नाही. थर्मामीटरचं टोक मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. ७४ किंवा त्यावर आकडा दिसला तर खुशाल वाढा.